प्रत्येकाला काहीतरी जमू नये

आमच्या रविवारच्या खेळात सध्या एक वाद रंगला आहे. जुनी मोहीम संपली, नवी सुरू करायची आहे आणि माझ्या भाच्याचं म्हणणं असं, की या वेळी पात्रांना क्लास नकोतच. प्रत्येकानं आपलं पात्र हवं तसं घडवावं. त्यानं तलवारही चालवावी, मंत्रही म्हणावेत, कुलपंही उघडावीत. ‘मावशी, माणसाला एकाच चौकटीत का बसवायचं?’ हा त्याचा प्रश्न. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुद्दा नेमका मांडतो, आणि टेबलाभोवतीची निम्मी मंडळी त्याच्याकडे झुकली आहेत. खेळ मी चालवते, म्हणजे निर्णय माझाच. तरी तो नुसता सुनावण्यापेक्षा माझी बाजू सविस्तर मांडावी असं वाटलं, कारण प्रश्न आमच्या नाशिकच्या घरापुरता नाही. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा खेळ आल्यापासून मी गणित शिकवते त्या वर्गातली मुलंही मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, ‘मॅडम, कोणता क्लास घेऊ?’ त्यांना मी दरवेळी उलट विचारते, ‘तुला काय जमलं नाही तरी चालेल?’

ज्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर. तो प्रसंग सांगतो: पडका वाडा आहे, तळघरात उजेड दिसतोय. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं ते त्यांनी बोलून सांगायचं. जिथे यशाची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. क्लास म्हणजे त्या पात्राचं शिक्षण आणि पेशा. फायटर लढतो, विझर्ड पोथीतून जादू शिकतो, क्लेरिक देवाच्या नावानं जखमा भरतो, रोग (म्हणजे जुना चोर) लपतो, चढतो, कुलूप उघडतो. कोणतं चिलखत घालता येईल, कोणते मंत्र मिळतील, किती घाव सोसता येतील, हे सगळं क्लासवर ठरतं. आणि याच कारणानं कित्येकांना क्लास जाचक वाटतात.

खेळ छापला गेला १९७४ च्या जानेवारीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन पातळ पुस्तिका, एका खोक्यात. क्लासही तीनच: लढवय्या (आजचा फायटर), जादूगार (आजचा विझर्ड) आणि क्लेरिक. पहिले दोन कोणालाही सुचले असते. तिसरा कुठून आला ते मात्र ऐकण्यासारखं आहे. पुस्तिका निघण्याआधी आर्नेसन आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाची मोहीम खेळत असे. त्यात एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर होऊन बसलं, सर फँग त्याचं नाव, आणि ते कोणाला आवरेना. मग माइक कार या दुसऱ्या खेळाडूसाठी एक धर्मोपदेशक घडवला गेला. त्याचा नमुना होता हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांतला व्हॅन हेल्सिंग. हातात क्रूस, समोर पिशाच्च, आणि पिशाच्च मागे सरतं. त्यात मग मध्ययुगीन बिशपांविषयीची एक समजूत मिसळली, की रक्त सांडायला मनाई म्हणून ते तलवारीऐवजी सोटा वापरत. झाला क्लेरिक तयार.

मला हा क्लास फार प्रिय आहे आणि तो कसा जन्मला हे त्याचं मुख्य कारण. कोणी कागदावर चौकोन आखून ‘इथे एक वैद्य हवा’ असं ठरवलं नव्हतं. खेळात अडचण उभी राहिली, तिच्यावर उतारा म्हणून एक माणूस उभा केला. शिवाय १९७४ च्या नियमांत पहिल्या पायरीवरच्या, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या, क्लेरिकला एकही मंत्र नव्हता. पहिला मंत्र दुसऱ्या पायरीवर. तोवर त्याच्याजवळ सोटा आणि श्रद्धा एवढंच. आमच्या टेबलावर निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई आहेत, त्यांनी जुन्या नियमांनी असा क्लेरिक खेळून दाखवला. सांगाड्यांच्या टोळीपुढे त्या पात्राच्या तोंडून त्या जे बोलल्या ते ऐकून आमची नववीतली शेजारीण फासे टाकायचे विसरली. हाती मंत्र असता तर बाईंना काही बोलावंच लागलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. क्लासची चव त्याला काय येतं यात असते त्यापेक्षा जास्त त्याला काय येत नाही यात असते.

जादूगाराचंच बघा. गायगॅक्सनं जादूची पद्धत जॅक व्हॅन्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकावरून घेतली. मंत्र सकाळी पाठ करायचा. एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. चिलखत नाही, हातात फार तर खंजीर. आमच्यातला एक औषधविक्रेता मित्र या जुन्या नियमांनी जादूगार खेळला तेव्हा त्याच्याकडे फक्त निद्रामंत्र होता. अख्खी संध्याकाळ तो एकच प्रश्न उराशी धरून बसला: आत्ता वापरू, की पुढच्या दालनासाठी ठेवू? दर वळणावर सगळे त्याच्याकडे बघायचे. शेवटी गुहेच्या तोंडाशी त्यानं तो म्हटला, समोरचे सगळे गॉब्लिन झोपले, आणि परतीच्या वाटेवर बाकीच्यांनी त्याला मध्ये ठेवून सांभाळून आणलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विझर्डला काही छोटे मंत्र दिवसभर हवे तितक्या वेळा वापरता येतात. ती सोय आहे, नवख्याला कंटाळा येत नाही, मी ती काढून टाका म्हणणार नाही. पण तिच्यासोबत ती राखून ठेवण्याची धडधड गेली, हेही खरं.

आता चोर. क्लासवाल्यांच्या विरोधात सगळ्यात वजनदार पुरावा हाच आहे आणि भाच्यानं तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा मला मान्य करावा लागला. चोर आला १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे खेळणाऱ्यांकडून ही कल्पना गायगॅक्सपर्यंत पोहोचली होती. त्याआधी कोणीही पात्र लपू शकत होतं, दबक्या पावलांनी जाऊ शकत होतं, सापळा शोधू शकत होतं. खेळाडूनं सांगायचं, ‘मी काठीनं फरशी ठोकत पुढे जातो,’ आणि डंजन मास्टरनं ठरवायचं. चोर आला आणि त्याच्यासोबत टक्केवारीचं कोष्टक आलं. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये पहिल्या पायरीवरच्या चोराला सावलीत लपण्याची शक्यता १० टक्के, आवाज न करता चालण्याची १५ टक्के. म्हणजे ज्याचा तो पेशाच आहे त्याला दहापैकी नऊ वेळा जमत नाही, आणि इतरांच्या रकान्यात तर काहीच नाही, तेव्हा त्यांना परवानगीही नाही असा अर्थ लोकांनी काढला. एक क्लास वाढला आणि बाकी सगळ्यांचे हात थोडे बांधले गेले.

ही चूक खरी आहे, पण ती क्लास असण्याची नाही. चोराला त्याचं स्वतःचं काही देण्याऐवजी सगळ्यांच्या सामाईक शिदोरीतून काढून दिलं, ही ती चूक. त्याच कोष्टकात भिंत चढण्याची शक्यता ८५ टक्के आहे. तिथे तो शोभतो! गुळगुळीत तटबंदी, दोर नाही, खाली पहारा, आणि हा पोरगा वर निघाला. ते दुसऱ्या कोणाला जमणारच नव्हतं. आमच्या टेबलावर मी नियम असा ठेवला आहे: कोणाही माणसाला जे करून बघता येईल ते कोणत्याही क्लासला करून बघता येईल. काठीनं फरशी ठोकायला, दाराला कान लावायला, झुडपात दडायला चोर असण्याची गरज नाही. जिथे इतरांसाठी गोष्ट अशक्य होते तिथून चोराचं राज्य सुरू. नववीतली शेजारीण रोग खेळते. या नियमामुळे तिचं काही कमी झालं नाही; उलट बाकीचे तिच्याकडे फक्त मोठ्या कामासाठी वळतात, आणि ते तिला आवडतं.

फायटरवर मात्र अन्याय झालाय आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. नवा खेळाडू आला की त्याच्या हातात फायटर ठेवतात, सोपा आहे म्हणून. जुन्या नियमांत तो सोपा होता, पण दुय्यम नव्हता. सुरुवातीला जादूच्या तलवारी फक्त त्यालाच चालवता येत. आणि नवव्या पायरीला पोहोचला की तो सरदार होई: जमीन साफ करायची, गढी बांधायची, शिपाई येऊन मिळायचे, मुलूख त्याचा. विझर्ड तोवर आगीचे गोळे फेकू लागलेला असे, पण फायटरच्या पाठीशी फौज असे. दोघांचं सामर्थ्य वेगळ्या जातकुळीचं, म्हणून तुलना होत नसे. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि क्लासच्या पानांवरून गढी आणि शिपाई दोन्ही गेले. त्याच वेळी सगळ्या क्लासना वर चढायला सारखेच अनुभवगुण लागू लागले. त्याआधी दुसरी पायरी गाठायला चोराला साधारण साडेबाराशे, फायटरला दोन हजार आणि जादूगाराला अडीच हजार लागत. मोठ्या सामर्थ्याची किंमत मोठी, हा हिशेब पुसला गेला. उरलं काय? पाचव्या आवृत्तीत फायटर अकराव्या पायरीला एका वेळी तीन वार करतो. सतराव्या पायरीला विझर्ड इच्छामंत्र म्हणून जग बदलू शकतो. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, एकाची वाढ सरळ रेषेत आणि दुसऱ्याची वर्गाच्या पटीत असेल तर ते पुढे कधीच भेटत नाहीत.

इथे मला २००८ च्या चौथ्या आवृत्तीची बाजू घ्यायची आहे, जी घेणारे फार थोडे. या आवृत्तीनं क्लासची कामं उघड सांगितली: कोणी रक्षण करणारा, कोणी जोरदार मारा करणारा, कोणी साथीदारांना उभं करणारा, कोणी रणांगणाला वळण देणारा. लोक चिडले. सगळे क्लास एकाच साच्यातले वाटतात, हा तर संगणकावरचा खेळ झाला, असं म्हणाले. साच्याची तक्रार रास्त आहे. प्रत्येकाकडे तशाच आखलेल्या शक्ती, काही पाहिजे तेव्हा वापरायच्या, काही दिवसातून एकदा. पानं वाचताना विझर्ड कुठे संपतो आणि रोग कुठे सुरू होतो कळेना. पण याच आवृत्तीत फायटरला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं रक्षकाचं काम मिळालं. त्यानं एकदा शत्रूला अडवलं की त्या शत्रूला दुसऱ्यावर हात टाकणं महागात पडे. मित्राच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभं राहणं याला नियमांत वजन आलं. आणि वॉरलॉर्ड! जादूचा थेंब नाही, देवाचा आशीर्वाद नाही, नुसत्या हाकेनं पडलेल्या साथीदाराला उभं करणारा सेनानी. ज्या भाषेत पोवाडा आहे तिच्या माणसाला हा क्लास समजावून सांगावा लागत नाही. पाचव्या आवृत्तीत तो वगळला गेला. मी आमच्या टेबलावर परत आणला आहे.

पॅलेडिन या धर्मवीरावर वाद घालायला मी उत्सुक नाही, तो उत्तम आहे. एवढंच नोंदवते की १९७५ मध्ये पॅलेडिन होण्यासाठी तेजस्विता (करिश्मा) या गुणाचा आकडा १७ किंवा १८ लागे. सहा बाजूंचे तीन फासे टाकून तो येण्याची शक्यता २१६ पैकी ४, म्हणजे ५४ जणांमागे एक. एवढ्या नशिबानं मिळालेलं व्रत एका कुकर्मानं कायमचं जाई. त्यामुळे ते सांभाळण्याला अर्थ होता. बार्ड या गाणाऱ्या वीराला १९७८ मध्ये आधी फायटर, मग चोर, मग ड्रुइड या निसर्गपूजक पुरोहितांकडे शागिर्दी एवढा वळसा घ्यावा लागे. आज तो सरळ पहिल्या पायरीपासून गातो आणि छान गातो.

रेंजरची गोष्ट दुःखाची आहे. टोल्किनच्या अ‍ॅरागॉर्नवरून घेतलेला हा वनवीर १९७५ पासून खेळात आहे. जंगल वाचणारा, माग काढणारा, एकटा राहणारा. कल्पना इतकी सुंदर, पण २०१४ च्या नियमांनी त्याला काय दिलं? त्याच्या ओळखीच्या प्रदेशात त्याचा गट वाट चुकत नाही. अन्न शोधलं की दुप्पट मिळतं. म्हणजे ज्या संकटांसाठी त्याला सोबत घ्यायचं ती संकटं तो आला की कथेतून नाहीशी होतात! पाऊस, भूक, चकवा यांच्याशी झुंजताना त्याला बघायचं होतं. पण डंजन मास्टर म्हणते, ‘तुम्ही पोहोचलात.’ खेळणाऱ्यांची नाराजी एवढी होती की प्रकाशक कंपनीनं २०१६ मध्ये सुधारित रेंजर चाचणीसाठी प्रसिद्ध केला. माझ्या मते क्लासला अडचण सोडवायची साधनं द्यावीत, अडचण पुसणारा खोडरबर देऊ नये.

आता भाच्याचं हत्यार: क्लास नसलेले खेळ. ते आहेत आणि चांगले आहेत. १९७८ चा ‘रुनक्वेस्ट’ हा स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांचा खेळ. त्यात क्लास नाही. जे कौशल्य वापराल ते सुधारतं. पोहलात तर पोहणं वाढेल. आयुष्याच्या जास्त जवळ जाणारी ही पद्धत आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ‘रुनक्वेस्ट’ खेळताना काय होतं? ग्रेग स्टॅफर्डनं उभ्या केलेल्या ग्लोरांथा या जगात जवळजवळ प्रत्येक पात्र कुठल्यातरी देवतेच्या पंथात जातं. पंथ जादू देतो आणि बंधनंही घालतो: हे करायचं, हे वर्ज्य. वादळदेवाचा भक्त एका तऱ्हेनं जगतो, मृत्युदेवाचा भक्त दुसऱ्या. चव आली ती या बंधनांतून. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र तयार करतानाच त्याची नोकरी खेळायची असते, नौदल, पायदळ, व्यापारी जहाज, आणि त्या नोकरीत ते खेळ सुरू होण्याआधी मरूही शकतं. निवृत्त होऊन जो टेबलावर येतो त्याच्या मागे एक आयुष्य असतं. दोन्ही खेळांनी क्लास काढला, पण त्याची जागा मोकळी ठेवली नाही.

जिथे मोकळी ठेवली तिथे काय झालं ते ‘स्कायरिम’ या संगणकावरच्या खेळात दिसतं. आधीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये क्लास निवडावा लागे, २०११ च्या ‘स्कायरिम’नं ती अट काढली. वाटेल ते करा. आणि खेळणाऱ्यांमध्ये आता ही सर्वज्ञात गोष्ट आहे की जादूगार म्हणून निघालेला असो वा कुऱ्हाडबहाद्दर, फिरून फिरून सगळे अंधारात दडून बाण मारणारे होतात. कारण ते सोयीचं आहे. बंधन नसेल तर माणूस सोयीकडे घरंगळतो, आणि सोय सगळ्यांची सारखीच असते. एकट्यानं खेळायच्या खेळात याचं फारसं बिघडत नाही. टेबलाभोवती पाच जण असतील तर बिघडतं. पाचही जणांना सगळं येत असेल तर आमच्या मुख्याध्यापिका बाई माझ्या भाच्याकडे वळून ‘अरे, आता तूच बघ बाबा’ असं कशाला म्हणतील? ते वाक्य ऐकायला मी हा खेळ चालवते.

क्लासला माझा विरोध एकाच ठिकाणी आहे: तो जन्मानं चिकटला तर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९८१ च्या ‘बेसिक’ संचात एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे माणसाहून वेगळे वंश स्वतःच क्लास होते. माणसाच्या पोटी जन्मलात तर फायटर, क्लेरिक, जादूगार, चोर यांतलं काहीही व्हा. ड्वार्फाच्या पोटी जन्मलात तर ड्वार्फ व्हा. ड्वार्फ क्लेरिक नाही, हाफलिंग जादूगार नाही. वर चढायलाही मर्यादा: हाफलिंग आठव्या पायरीवर थांबला, एल्फ दहाव्या, ड्वार्फ बाराव्या. या नियमांचे चाहते सांगतात की साधेपणासाठी ते केलं होतं, आणि एल्फ त्यामुळे खरोखर परका, गूढ वाटतो. वाटत असेल. पण जन्मावरून काम ठरणं आणि जन्मावरून वर चढण्याची हद्द ठरणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला कोणत्याही खेळानं शिकवायची गरज नाही. मी तो संच वापरत नाही आणि वापरणार नाही. २००० मध्ये या हद्दी गेल्या, २०२४ च्या पुस्तकात गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्यातल्या कामधंद्याशी जोडली गेली. दोन्ही बदलांचं मी स्वागत करते. याच कारणानं मला सॉर्सररही रुचत नाही. त्याची जादू रक्तातून येते. विझर्ड रात्र रात्र पोथी घोकतो तेच याला घराण्यानं मिळतं. त्यापेक्षा वॉरलॉक कितीतरी सरस: कुठल्या तरी अघोरी शक्तीशी करार करून आणलेली जादू, मंत्र मोजके, आणि देणं कायम डोक्यावर.

जन्माचा हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे, कारण आपल्या मातीतले क्लास घडवावेत अशी हौस आता बऱ्याच तरुणांना आहे. मलाही आहे. आमच्या नव्या मोहिमेसाठी आम्ही बहुरूपी हा क्लास करतो आहोत. दारात पोलीस होऊन येणारा, साहेब होऊन दटावणारा, आणि ओळखल्यावर हसून बिदागी मागणारा. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांच्या वेषांतराच्या कथा ऐकून वाढलेल्यांना हा क्लास लगेच दिसतो. पण महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी, वैदू, गोंधळी, गारुडी ही नावं आहेत, आणि ती खऱ्या, जिवंत माणसांची आहेत, ज्यांना जन्मावरून त्या कामाला आणि त्या कामावरून हलकेपणाला बांधलं गेलं. खेळात ती नावं घ्यायची तर ती विद्या म्हणून घ्यावीत. आमचा बहुरूपी कोणाच्याही पोटी जन्मू शकतो. त्यानं ती कला गुरूकडून शिकलेली असते, कष्टानं, आणि गटात त्याचा मान विझर्डएवढा असतो.

त्याला काय जमत नाही तेही लिहून झालं आहे. एकदा ओळखलेल्या माणसासमोर तेच सोंग पुन्हा चालत नाही. शस्त्र उपसलं की सोंग मोडतं. आणि सोंगात असताना त्या सोंगाला न शोभणारी मदत तो साथीदारांना करू शकत नाही. सावकार झालेला बहुरूपी मार खाणाऱ्या मित्रासाठी धावला तर सगळं उघडं पडेल. ही शेवटची अट भाच्यानं सुचवली. क्लास नकोत म्हणणारा तोच, पण नवा क्लास घडवायला बसल्यावर सगळ्यात बोचरं बंधन त्यालाच सुचलं. वाद अजून मिटलेला नाही. नव्या मोहिमेत क्लास असतील, एवढं मात्र मी ठरवलं आहे.

मराठीत असा खेळ लिहायला बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. विझर्डला मांत्रिक आणि रोगला चोर म्हणून थांबू नका. आधी चार जणांना खेळवा, कुठे अडतं ते बघा, आणि त्या अडचणीवर उतारा म्हणून क्लास घडवा, ब्लॅकमूरमध्ये क्लेरिक घडला तसा. आणि पुस्तक छापाल तेव्हा प्रत्येक क्लासच्या पानावर ‘याला काय येतं’ या रकान्याशेजारी तेवढाच मोठा दुसरा रकाना ठेवा: ‘याला काय येत नाही.’ खेळणारी मुलं आधी तोच वाचतील.